पहिलीतलं कोडिंग आणि एक कासव

सध्या आपल्याकडे पालक एकमेकांना विचारतात, "मुलाला कोडिंगला घातलं का?" मूल असतं पहिलीत. क्लासचे फलक लागलेत, फी भरली जातेय. म्हणून थोडा इतिहास सांगतो. लहान मुलांच्या कोडिंगच्या गोष्टीत एक कासव आहे, ते जाहिरातीत कुठे दिसत नाही.

1967 साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती, जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंबरोबर काम केलेले. काही वर्षांतच 'लोगो'ला जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव जोडलं गेलं. पुढे जा, उजवीकडे वळ, असा हुकूम दिला की ते तसं करायचं. कासव भलतीकडे गेलं तर मुलाने स्वतः कासव व्हायचं, चालून बघायचं आणि चूक पायांनी शोधायची, असं पॅपर्टचं म्हणणं. चूक म्हणजे कमी मार्क नव्हे. ती शोधून दुरुस्त करणं हेच शिकणं. 1980 साली त्यांचं 'माइंडस्टॉर्म्स' आलं, त्यात 'संगणकीय विचार' ही शब्दजोडीही आहे. तिचा बोलबाला मात्र झाला 2006 मध्ये, जेनेट विंग यांच्या लेखानंतर.

मग 2013 उजाडलं. डॅन शपिरो नावाच्या, जुळ्या मुलांच्या बापाने 'रोबोट टर्टल्स' हा पटावरचा खेळ काढला. किकस्टार्टरवर 25,000 डॉलर मागितले, 13,765 लोकांनी मिळून 6,31,230 डॉलर दिले!

या खेळात पडदा नाही, फासाही नाही. आपली सापशिडी मला प्रिय आहे, पण तिथे सगळं फासा ठरवतो, आपण फक्त घरं मोजायची. (सारीपाटात निदान कुठली सोंगटी हलवायची एवढं तरी डोकं लागतं.) इथे मूल पत्ते मांडतं: पुढे, डावीकडे, उजवीकडे. आणि कासव हलवतो मोठा माणूस. म्हणजे मूल हुकूम देणार आणि आई-बाबा निमूट यंत्र होणार. मुलाने वळणाचा पत्ता उलटा टाकला तरी मोठ्याने सुचवायचं नाही, सांगितलं तेच करायचं. मुलाला चूक दिसली की ते बग पत्त्यावर हात मारून चाल मागे घेतं. रत्नापर्यंत पोचेल तो प्रत्येक जण जिंकतो. मला विचाराल तर यातलं सगळ्यात अवघड काम मोठ्यांचं आहे, गप्प बसण्याचं.

आता आपल्याकडचं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणित आणि संगणकीय विचारावर पायाभूत टप्प्यापासून भर द्या म्हटलंय, तेही कोडी आणि खेळ नेहमी वापरून. कोडिंग कधी? माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवी. धोरणच असं सांगतंय, तर पहिलीच्या पोराला पडद्यासमोर बसवून फी कशाची घेतात, हे आपण शाळेच्या पालकसभेत विचारायला हवं.

आणि ज्या जिल्हा परिषद शाळेत संगणक खोलीला कुलूप आहे, तिथेही हे उद्या सुरू होतं. व्हरांड्यात खडूने आठ बाय आठ घरं आखा, मध्ये दप्तरं ठेवा, जुन्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर बाण काढा. कासव म्हणून गुरुजींनी किंवा बाईंनी उभं राहायचं, आणि चिठ्ठी चुकली तर मुकाट्याने जाऊन भिंतीला धडकायचं.