छावणीतले शिक्षक : सुभेदार रामजी सकपाळ

आपल्या समाजाच्या लष्करी परंपरेची चर्चा भीमा-कोरेगावच्या स्तंभापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. 1 जानेवारी 1818 ची लढाई आणि स्तंभावर कोरलेली 'नाक' अशा शेवटाची नावे हा आपला वारसा आहे, आणि तो आपण जपलाच पाहिजे. पण दगडावर नावे चढतात ती रणांगणावर पडलेल्यांची. ज्यांनी देशातल्या छावण्यांत नोकरी केली, निवृत्त झाले आणि आजाराने घरी वारले, त्यांची नोंद कुठे करायची? सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे अशांपैकी एक. बाबासाहेबांचे वडील म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. सैनिक म्हणून त्यांचा विचार आपण क्वचितच केला आहे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही पलटणीतलेच. गावात महारकी आणि मागून आणलेली भाकर होती; पलटणीत ठरलेला पगार, अंगावर गणवेश आणि नावापुढे हुद्दा होता. पण रामजींच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट म्हणजे पलटणीतली शाळा. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिकून ते शिक्षक झाले. छावणीच्या शाळेत त्यांनी 14 वर्षे मुख्याध्यापकी केली आणि ते सुभेदार-मेजर झाले. गावच्या शाळेची पायरी ज्यांना बंद होती, त्यांचीच मुले-मुली छावणीत अक्षरे गिरवीत होती. महू येथे रामजींची नेमणूक असतानाच 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म झाला.

हे इंग्रजांचे उपकार होते असे मानण्याचे कारण नाही. सरकारला सैनिक हवा होता तोवर शाळा होती. 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त पुढे आला, पलटणी जातवार बांधल्या जाऊ लागल्या आणि 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बळावर मुंबईची फौज उभी राहिली, त्यांनाच नालायक ठरविण्यात आले. या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज उठला तो निवृत्त सैनिकांचाच. हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून अर्ज लिहिला. रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांकडे जाऊन याच प्रश्नावर निवेदन तयार करवून घेतल्याचे चरित्रकार सांगतात. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा हीच मागणी केली. बंदूक हातातून काढून घेतली गेली, तेव्हा छावणीत शिकलेली लेखणी कामास आली. आपल्या चळवळीचा एक उगम इथे आहे.

रामजी 1894 च्या सुमारास निवृत्त झाले. दापोली, मग सातारा, पुढे मुंबई असा संसार फिरला. 14 अपत्यांपैकी पाचच जगली. 1896 मध्ये भीमाबाई गेल्या. निवृत्तिवेतन महिना 50 रुपये. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर त्यांनी खजिनदारी केली. सुभेदार-मेजराचा हुद्दा छावणीच्या फाटकातच राहिला होता. बाहेर ते पुन्हा अस्पृश्यच होते. पण शिक्षक मात्र निवृत्त झाला नाही. तर्खडकरांची भाषांतरमाला ते मुलाकडून घोकून घेत. मुंबईत मुलाच्या पुस्तकांसाठी ते विवाहित मुलींकडून दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण टाकीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत देत. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, पुढे पदवीधर झाले आणि जानेवारी 1913 मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. काही दिवसांतच वडिलांच्या आजाराची तार आली. 2 फेब्रुवारी 1913 रोजी मुंबईत सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा अमेरिकेस शिकायला गेला.

सरकारला महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच 1921 मध्ये ती मोडली गेली. 1941 मध्ये दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंट आली. आपल्या शौर्याची किंमत इतरांच्या गरजेवर ठरत होती, हे या तारखाच सांगतात. म्हणूनच केवळ शौर्यावर अस्मिता उभारणे पुरेसे नाही. तलवारीची परंपरा सांगणाऱ्याला राज्यकर्ता हवे तेव्हा बोलावतो आणि नको तेव्हा घरी पाठवतो. छावणीतून घरी आणलेले अक्षर मात्र कोणत्याही हुकुमाने परत घेता येत नाही.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा आपला ग्रंथ 1923 मध्ये बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. अर्थशास्त्राच्या पुस्तकातले ते एक पान हेच या सैनिकाचे पहिले स्मारक. गावोगावी असे कितीतरी निवृत्त शिपाई, हवालदार, सुभेदार होऊन गेले. त्यांनी रात्रशाळा चालविल्या, अर्ज लिहिले, पोरांना शाळेत घातले. त्यांच्या पेन्शनीचे कागद, जुनी पत्रे आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी अजून घरांच्या माळ्यांवर नि माजघरांत आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी ती घरे आता गाठली पाहिजेत.