विमाने, क्रिकेटपटू आणि आपल्या वाट्याचा इतिहास



मुलाच्या हाती अभ्यासाबाहेरचे पुस्तक दिसले की बऱ्याच पालकांच्या कपाळाला आठी पडते. त्यातून ते पुस्तक लढाऊ विमानांचे किंवा क्रिकेटपटूंचे असेल तर विचारायलाच नको. माझे मत थोडे निराळे आहे. ज्या मुलाला पाठ्यपुस्तकातील सनावळी नकोशी होते, तोच मुलगा कोणते विमान कोणत्या वर्षी निघाले हे न अडखळता सांगतो. म्हणजे इतिहासाची गोडी त्याला लागलेली आहे. प्रश्न आहे तो ही पुस्तके कशी वाचावीत याचा.

विमानांच्या पुस्तकांचा नायक बहुधा स्पिटफायर असतो. विमान देखणे, म्हणून मुखपृष्ठावर तेच. वास्तविक १९४० साली ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत शत्रूची अधिक विमाने पाडली ती हरिकेन या साध्या, अर्ध्याअधिक कापडाने मढवलेल्या विमानाने. आपल्या हवाई दलाची ब्रह्मदेश आघाडीवरील मोठी भिस्तही हरिकेनवरच होती. १९४४ साली इंफाळच्या रणधुमाळीत अर्जन सिंग यांची पहिली स्क्वाड्रन हीच विमाने उडवीत होती. देखणेपणाला इतिहासात इतके माप मिळते, हे ध्यानात ठेवून पुढची पाने उलटावीत.

त्याच पुस्तकांच्या कोपऱ्यात आपल्या ओळखीची नावे सापडतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला हैदराबादच्या निजामाने विमाने देणगी दिली, म्हणून तिला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर उडवणाऱ्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नावही ‘हैदराबाद’, आणि १३२ क्रमांकाची तर ‘सिटी ऑफ बॉम्बे’! पैसा कोणाच्या खिशातून गेला याची ही खूण. लेखक मात्र ती एका ओळीत उरकतात.

त्याच हैदराबादेत १९२३ साली जन्मलेले इद्रिस हसन लतीफ १९४२ मध्ये हवाई दलात दाखल झाले. आरंभी कराचीला दुपंखी जुन्या विमानांतून समुद्रावर गस्त, मग इंग्लंडला जाऊन हरिकेन व स्पिटफायरचे शिक्षण, नंतर ब्रह्मदेशची आघाडी. फाळणीच्या वेळी पलीकडे येण्याचा मित्रांचा आग्रह असूनही ते भारतातच राहिले. १९७८ साली ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि १९८२ ते १९८५ आपल्या राज्याचे राज्यपाल होते. २०१८ साली ते वारले. वर्गात हे नाव विचारले तर किती हात वर होतील? मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हाती येणाऱ्या पुस्तकांत हे नाव क्वचितच असते.

आता खेळाकडे वळू. पळवणकर बाळू हे डावखुरे गोलंदाज चर्मकार समाजातले. आडनावातच कोकणातले गाव. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे हिंदूंच्या संघात आले, तरी चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. पुढच्या पिढ्या हे सारे विसरल्या होत्या. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली भारतीय क्रिकेटचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा बाळूंचे नाव पुन्हा जगभर गेले. पण गुहांना आधार कशाचा मिळाला? विठ्ठल पळवणकरांनी १९४८ साली मराठीत लिहिलेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्राचा! मित्रहो, हे पुस्तक लिहिले गेले नसते तर कितीही मोठा विद्वान आला असता तरी त्याच्या हाती फार थोडे लागले असते.

आपल्याच वाशिष्ठीच्या काठी चिपळूणजवळ कालुस्ते आहे. तेथे जन्मलेले गुलाम पारकर १९८२ साली लॉर्ड्सवर सुनील गावसकरांबरोबर कसोटीत सलामीला उतरले. दोन डावांत सहा आणि एक धाव, आणि पुन्हा कसोटी नाही. आकडेवारीच्या पुस्तकात एवढीच नोंद. परंतु त्याआधीच्या हंगामात, १९८१-८२ मध्ये, मुंबईकडून बंगालविरुद्ध त्यांनी गावसकरांसह पहिल्या जोडीसाठी ४२१ धावा रचल्या होत्या. खाडीकाठच्या खेड्यातून मुंबईच्या संघात जाणे, तेही त्या काळच्या मुंबईच्या संघात, ही माझ्या मते एका कसोटीपेक्षा मोठी हकीकत आहे. ती सविस्तर कोणी लिहावी? लंडनचा लेखक लिहिणार नाही.

दाभोळला हा अनुभव नवा नाही. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने हे बंदर जाळले. ती कथा आपण वाचतो ती मुख्यतः जाळणाऱ्यांच्या बखरकारांकडून.

आणि विमानांच्या पुस्तकांत आणखी एक माणूस नसतो. खोक्यांत भरलेली विमाने आणि पेट्रोल पूर्वेकडे वाहून नेणाऱ्या जहाजांवरचा खलाशी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर दर चार खलाशांत सुमारे एक हिंदी होता. सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी त्यात मृत्यू पावले. डेकवरच्या कामाला रत्नागिरी जिल्ह्यातील आपले कोकणी मुसलमान फार. वैमानिकांवर कपाटभर पुस्तके निघाली, या लोकांवर एक फळीही भरणार नाही.

जहाजावरील नोकरीची जुनी पुस्तके काही घरांतल्या पेट्यांत अजून आहेत. त्यांत जहाजाचे नाव, हुद्दा, चढल्या-उतरल्याची तारीख लिहिलेली असते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी या सुटीत ती एका वहीत उतरवून घ्यावीत. कागद वाळवीने खाल्ला असेल तर घरातील वृद्ध आजीकडे बसावे. तिचे वडील कोणत्या जहाजावर गेले आणि किती वर्षे पत्र आले नाही, हे तिला बहुधा तोंडपाठ असते.