अर्धशिशी (पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

अर्धशिशी : वारंवार उद्भवणारी, मेंदू व चेतातंतूंशी निगडित डोकेदुखी, व्यवहारात मायग्रेन. चरकसंहितेत ती अर्धावभेदक या नावाने येते. डोक्याची एक बाजू, कधी दोन्ही बाजू ठणकतात. जिना चढताना ठणका वाढतो, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. उपचार न केल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. असे किमान पाच झटके येऊन गेले आणि दुसरे कारण आढळले नाही, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार ही अर्धशिशी ठरते. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये ती दिसत नाही. रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरूनच निदान होते, त्यामुळे ती हकिकत ऐकायला डॉक्टरांनी वेळ देणे हा तपासणीचाच भाग आहे.

जगात सुमारे सातांपैकी एकाला हा त्रास आहे. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतो. शेजारच्या कर्नाटकातील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घरोघरच्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन होऊन गेलेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले. सुरुवात बहुधा वयात येताना होते आणि जोर विशी ते पन्नाशीत असतो. कारखान्यात राबण्याचे वय तेच. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात मोठे वाहन उद्योग आले, पुढे २००९ च्या सुमारास चाकणमध्ये परदेशी मोटार कंपन्यांचे कारखाने सुरू झाले. त्यांच्यामागोमाग मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परराज्यांतून याच वयाची माणसे इथे येत राहिली. अर्धशिशी त्यांच्यात मोठ्या संख्येने असणार, हे उघड आहे. ती नोंदली मात्र फार कमी जाते.

पित्ताचा समज : या पट्ट्यात अर्धशिशी बहुधा पित्त म्हणून वावरते. ‘पित्त चढलंय, डोकं धरलंय, उलटी झाली की मोकळं वाटेल,’ असे लाइनवरचा ऑपरेटर सांगतो, मेडिकलवाला पित्ताची आणि दुखण्याची गोळी एकत्र देतो, आणि वर्षानुवर्षे तेच चालते. या समजामागचे निरीक्षण चुकीचे नाही. उपाशी राहिल्याने झटका येतो, उलटीनंतर अनेकांना खरोखर हलके वाटते. पण मळमळ हे अर्धशिशीचेच लक्षण आहे, तिचे मूळ नव्हे. झटक्यात जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि ‘मला कुठलीच गोळी लागू पडत नाही’ अशी समजूत होते. गोळी ठणका चढू लागताच, उलटीवरील औषधाच्या जोडीने घ्यायची, ती याच कारणासाठी. सायनस, चष्म्याचा नंबर, मानेचे हाड हीदेखील अर्धशिशीला नेहमी चिकटवली जाणारी नावे.

यंत्रणा : डोक्यातील रक्तवाहिन्या फुगल्याने दुखते, असे पूर्वी मानत. आता त्रिशाखी चेता आणि तिच्या टोकांतून सुटणारे सीजीआरपी हे प्रथिन केंद्रस्थानी मानले जाते. झटक्याच्या वेळी हे प्रथिन रक्तात वाढते, हे गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले. या कामासाठी त्या दोघांना मॉस्कोविट्झ आणि ओलेसन यांच्यासह २०२१ चा ब्रेन प्राइझ हा पुरस्कार मिळाला. काही रुग्णांना दुखण्याआधी ५ ते ६० मिनिटे डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात, दृष्टीचा काही भाग झाकोळतो, हाताला मुंग्या येतात. याला पूर्वसूचना किंवा ऑरा म्हणतात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआओ यांनी १९४४ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर सावकाश पसरणारी विद्युत-लाट वर्णिली होती. ऑराचे मूळ त्या लाटेत आहे. प्रेसवर, क्रेनखाली किंवा फोर्कलिफ्टवर असताना अर्धी दृष्टी जाणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. ऑरा येताच मशीन सोडून बाजूला बसू द्यावे, ही मुभा सुपरवायझरला सांगून आधीच ठरलेली हवी.

पाळ्या आणि झटके : अर्धशिशी असलेल्या मेंदूला बदल मानवत नाही. झोप, जेवण, पाणी, चहा यांच्या वेळा जितक्या स्थिर तितके झटके कमी. फर्स्ट, सेकंड, नाइट अशी दर आठवड्याला फिरणारी शिफ्ट नेमकी ही स्थिरता मोडते. नाइट करून आलेला कामगार चाकणजवळच्या खराबवाडी किंवा म्हाळुंग्याच्या पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या उन्हात, इतरांची स्वयंपाकाची गडबड चालू असताना झोपायचा प्रयत्न करतो. त्याला ‘आठ तास झोपा’ एवढे सांगून भागत नाही. खिडकीला जाड काळा पडदा, कानात बोळे, घरी पोचताच थोडे खाणे आणि ठरलेल्या वेळी आडवे होणे एवढे त्याच्या हाती असते. पाळी पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने बदलणे, आणि बदलताना फर्स्टनंतर सेकंड, मग नाइट असा क्रम ठेवणे कंपनीच्या हाती असते. या दोहोंत दुसऱ्याचे वजन मला जास्त वाटते.

इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि काहींचे डोके नेमके त्याच दिवशी उठते. उशिरापर्यंतची झोप, चुकलेला नाश्ता आणि कामावर ठरल्या वेळी मिळणारा चहा न मिळणे हे तिन्ही त्या दिवशी जुळून येतात. संकष्टी आणि एकादशीचा निर्जळी उपवासही अनेकांना महागात पडतो. उपवास करायचाच तर पाणी आणि फराळ वेळेवर घ्यावा.

पेंट शॉपमधील थिनरचा वास, वेल्डिंगचा लखलखाट, प्रेस शॉपचा आवाज, फाउंड्रीची धग यांनीही झटका सुरू होतो. मात्र एकाच शॉपमधील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखत असेल आणि बाहेर पडताच उतरत असेल, तर ती अर्धशिशी समजू नये. तिथे द्रावकांची वाफ किंवा कार्बन मोनॉक्साइड साचत असण्याची शक्यता असते. आधी वायुवीजन तपासावे.

औषधे : सौम्य झटक्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन पुरते. त्याने न भागल्यास सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान गटातील औषधे देतात. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती देत नाहीत. खरा धोका गोळ्यांच्या सवयीचा आहे. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. ओव्हरटाइम बुडू नये म्हणून रोज खिशात स्ट्रिप बाळगणारे या फेऱ्यात सहज सापडतात. झटके आणि गोळ्या कॅलेंडरवर खुणा करून लिहून ठेवल्या, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

झटके महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा येत असतील किंवा काम बुडत असेल, तर रोजचे प्रतिबंधक औषध सुरू करतात. ते निवडताना रुग्ण नेमके काय काम करतो हे विचारायलाच हवे. ॲमिट्रिप्टिलिन आणि फ्लुनारिझिन झोप आणतात. ड्रायव्हरने आणि फोर्कलिफ्टवाल्याने ती झोपण्यापूर्वीच घ्यावीत, आणि नाइटच्या आठवड्यात झोपण्यापूर्वी म्हणजे सकाळी. टोपिरामेटने घाम कमी होतो आणि मूतखड्याचा धोका वाढतो, म्हणून भट्टीजवळ काम करणाऱ्याला ते देताना विचार करावा. दमा असल्यास प्रोप्रॅनोलॉल नको. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. आठवड्यात गुण नाही म्हणून औषध सोडणे ही सर्रास आढळणारी गोष्ट. सीजीआरपीविरोधी इंजेक्शने २०१८ पासून आली, पण कंत्राटी कामगाराच्या पगाराला ती परवडणारी नाहीत.

वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. अनेकींचे झटके मासिक पाळीच्या आसपास येतात, आणि तारखा नियमित असतील तर त्या चार-पाच दिवसांपुरते औषध देता येते. ऑरा असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. प्रतिबंधक औषधांपैकी व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला अपायकारक आहेत.

क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप व ताठर मान, हातपाय लुळे पडणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे यांत घरी थांबू नये. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार राज्य विमा योजनेत येतात. चिंचवडच्या मोहननगरात योजनेचे रुग्णालय आहे. पात्र विमाधारकाला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, मात्र विमा डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर ‘डोकेदुखी’ किंवा ‘ॲसिडिटी’ऐवजी मायग्रेन असे लिहून घ्यावे.