गाठीला ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा: गुदाशयाच्या कॅन्सरमधले हायपॉक्सिया मार्कर

हायपॉक्सिया म्हणजे काय?
पेशींना ऑक्सिजन कमी पडणं. कॅन्सरची गाठ झपाट्याने वाढते, रक्तपुरवठा मागे पडतो. तरी आतल्या सगळ्या पेशी मरत नाहीत. एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन साठतं आणि त्या तग धरतात. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं.

मार्कर कसे बघतात?
बायोप्सीच्या तुकड्यावर खास रंग चढवून एचआयएफ-१ अल्फा, ग्लूट-१ अशी प्रथिनं शोधतात.

त्यातून काय कळतं?
रेडिएशनला ऑक्सिजनची साथ लागते. तो नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागू शकतो. गुदाशयाच्या, म्हणजे रेक्टमच्या कॅन्सरमध्ये अनेकदा ऑपरेशनआधी रेडिएशन देतात, म्हणून हे महत्त्वाचं. बऱ्याच अभ्यासांत हे मार्कर जास्त असलेल्या रुग्णांची पुढची वाटचाल सरासरीने अवघड दिसली. पण सगळे निकाल जुळत नाहीत.

रिपोर्टमध्ये हे नसेल तर?
बेटेगाव-बोईसरहून परळच्या टाटा मेमोरियलला फाइल घेऊन जाणाऱ्यांनी घाबरू नये. ही नेहमीची तपासणी नाही. उपचार ठरतात ते स्टेज, एमआरआय आणि एमएमआर तपासणीवरून; डॉक्टरांना तेच विचारा. सरासरी गटाची असते, आपल्या माणसाची नाही.