समग्र थेरपी : तीन धागे कुणी, कधी, कुठे जोडले?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतं : "बोलणं, ध्यान आणि हालचाल यांचा संगम प्राचीन काळापासून चालत आला असून आज तो ऑनलाइन उपलब्ध आहे." गाईड मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात तीन शब्द लिहिले : कुणी? कधी? कुठे?

तेव्हा राग आला. आज वाटतं, माझं पहिलं प्रकरण त्या तीन शब्दांनीच वाचवलं. व्हिडिओवर मिळणाऱ्या 'समग्र' थेरपीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून त्या पहिल्यापासून एकत्रच होत्या असं आपण धरून चालतो. कागदपत्रं वेगळंच सांगतात.

आधी बोलणं घेऊ. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात डॉ. जोसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करत होते. 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिलं. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात ती 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने आली. पुढे फ्रॉइड यांच्या पद्धतीत रुग्ण कोचावर पडून बोलू लागला. म्हणजे तोंड चालू, बाकी शरीर स्थिर!

हालचालीचा धागा दुसरीकडेच सापडतो. १९४२ मध्ये मॅरियन चेस ही नर्तकी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम करू लागली. शब्दांनी ज्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं, अशा रुग्णांशी ती नृत्यातून संवाद साधायची. आपल्या लोणावळ्यात तर त्याआधीच, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे ते उपकरणांनी मोजत होते. पण त्यांचा प्रश्न शरीरक्रियेचा होता; ब्रॉयर यांच्यासारखा रुग्णाच्या बोलण्याचा नव्हता.

आणि 'ऑनलाइन'? अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९५९ मध्ये डॉ. सेसिल विट्सन यांनी दुतर्फी टीव्ही वापरून मानसोपचाराचे प्रयोग केले. १९६४ मध्ये ११२ मैलांवरचं सरकारी मनोरुग्णालय असंच जोडलं गेलं. इंटरनेटच्या कितीतरी आधी! पण पडद्यावरून गेलं ते मुख्यतः बोलणंच.

मग गाठ कुठे पडली? एक महत्त्वाची गाठ १९७९ मध्ये, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात. जॉन कबाट-झिन हे रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडी केलेले आणि स्वतः ध्यान-योग करणारे गृहस्थ. औषधोपचार करूनही ज्यांचं दुखणं थांबत नव्हतं, अशा रुग्णांसाठी त्यांनी गटवर्ग सुरू केला. त्यात ध्यान होतं, सौम्य योगासनं होती आणि अनुभवांवर गटात बोलणं होतं. १९८२ मध्ये त्यांनी अशा ५१ रुग्णांवरचा पेपर छापला. बऱ्याच जणांचं दुखणं कमी झाल्याची नोंद त्यात आहे. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे वर्गाला न येता, नुसत्या वेळेमुळे किती जणांना बरं वाटलं असतं, हे त्यातून कळत नाही.

संशोधन करणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. तीन गोष्टी एकत्र दिल्या आणि माणूस बरा झाला, तर गुण नक्की कशाचा? ध्यानाचा, आसनांचा, की दर आठवड्याला कुणीतरी आपलं ऐकून घेतं याचा?

हाच प्रश्न २०१४ मध्ये मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी विचारला. वारंवार नैराश्य येऊन गेलेल्या २७४ जणांचे त्यांनी तीन गट केले. एकाला माइंडफुलनेसवर आधारित पूर्ण कार्यक्रम, दुसऱ्याला ध्यानाचा सराव वगळून बाकीचा कार्यक्रम आणि तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. सरसकट पाहिलं तर नैराश्य उलटण्याच्या धोक्यात ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांच्या बालपणात जास्त आघात झाले होते, त्यांना पूर्ण कार्यक्रमाचा फायदा दिसला. म्हणजे 'ध्यान उपयोगी आहे का?' यापेक्षा 'कुणाला उपयोगी आहे?' हा प्रश्न जास्त कामाचा ठरला.

हा नुसता पुस्तकी वाद नाही. पैसे मोजून, आशा धरून माणूस स्क्रीनसमोर बसतो. पडद्यावर त्याचा चेहरा आणि खांदे दिसतात. थरथरणारा पाय दिसत नाही. तिन्ही गोष्टी मिळतील असं सांगितलं असेल, तर त्यातली कुठली खरंच त्याच्यापर्यंत पोहोचते, हे विचारायलाच हवं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'प्राचीन काळापासून' असं कुठे लिहिलंय का बघा. असेल तर तिथे स्वतःच लाल रेघ मारा. माझं नवं वाक्य कमी सुंदर आहे : "हे तीन धागे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या गरजांतून आले, १९७९ नंतर ते रुग्णालयात एकत्र दिसू लागतात." मॅडमनी या वेळी समासात फक्त बरोबरची खूण केली.