हॉपची निवडणी

बिअरचा कडवटपणा जवाचा नव्हे. तो हॉप नांवाच्या वेलीच्या फुलोऱ्याचा. पेय लवकर नासूं न देण्याचा गुणहि त्याच फुलोऱ्यांत आहे. म्हणूनच अठराव्या शतकांत इंग्लंडहून कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासानें हिंदुस्थानांत येणाऱ्या बिअरमध्यें तो सढळ हातानें घालीत. कलकत्ता-मुंबईच्या गोऱ्या साहेबानें पेला उचलतांना त्यामागील बोटांचा विचार केला असेल, असें मात्र दिसत नाहीं.

हॉपची वेल उंच तारांवर वीस-वीस फूट चढते. मादी-वेलीला कागदी पाकळ्यांचे हलके फुलोरे येतात. पाकळ्यांच्या मुळाशीं पिवळी भुकटी असते आणि सारी किंमत त्या भुकटीची. तोडणीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा. परंतु तोडणीपेक्षां निवडणी जिकिरीची. पान किंवा देंठ मिसळला कीं माल हलका ठरतो. महाराष्ट्रांतील गृहिणी तांदूळ सुपांत पाखडून निवडते. येथें तो उपाय चालत नाहीं, कारण पान आणि फुलोरा दोन्हीं सारखींच हलकीं, आणि फुलोरा चुरडला तर भुकटी सांडून जाते. इंग्लंडच्या केंट परगण्यांत हें काम करण्यास दर सप्टेंबरांत लंडनच्या गरीब वस्तींतील बायका-मुलें जात. बिहारांत मोतीहारी येथें जन्मलेला लेखक जॉर्ज ऑर्वेल १९३१ सालीं त्यांच्यांत मिसळून राहिला होता.

ह्या निवडणीच्या पायीं रक्त सांडलें तें अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील व्हीटलंड येथें. १९१३ च्या उन्हाळ्यांत राल्फ डर्स्ट नांवाच्या मळेवाल्यानें दूरदूर जाहिराती दिल्या आणि सुमारें २,८०० माणसें जमलीं. त्यांत अनेक देशांचे लोक होते. कांहीं हिंदी मजूरहि होते. एवढ्या जमावाला शौचकूप अवघे नऊ. भर उन्हांत शेतावर पाण्याची सोय नाहीं. मालकाचा नातलग मात्र पांच सेंटला सरबत विकीत होता. मजुरी शंभर पौंडांमागें ९० सेंट, आणि हंगाम संपेपर्यंत टिकणारासच वरचे १० सेंट. त्यांत भर म्हणून डर्स्टनें नेहमींपेक्षां अधिक स्वच्छ माल मागितला. मजुरी वजनावर, पान वगळलें कीं वजन घटलें, आणि वगळण्यांत वेळ गेला तो निराळाच. म्हणजे मालकाच्या मालाची प्रत मजुराच्या पदरच्या पैशानें वाढावयाची! ता. ३ ऑगस्ट रोजीं मजुरांची सभा चालू असतां पोलिस अधिकारी आले. जमाव पांगविण्यासाठीं एकानें हवेंत गोळी झाडली आणि दंगल उसळली. सरकारी वकील, एक पोलिस अधिकारी आणि दोन मजूर असे चौघे ठार झाले. फोर्ड आणि सूर ह्या दोघां पुढाऱ्यांना १९१४ सालीं जन्मठेप झाली. त्याबरोबर मजुरांच्या छावण्यांच्या दैन्याची सरकारी चौकशीहि झाली.

नवल हें कीं, ह्याच कॅलिफोर्नियांत एमिल क्लेमेन्स होर्स्ट ह्या हॉपच्या बड्या व्यापाऱ्यानें १९०९ च्या सुमारासच तोडणीचें यंत्र सिद्ध केलें होतें. पण हात स्वस्त मिळत तोंवर लोखंड महाग वाटणारच.

अशा यंत्रांत तारेचीं बोटें वेलीवरून फुलोरे ओरबाडून काढतात. त्यांबरोबर पानेंहि येतात. कांहीं पानें पंख्याचा झोत ओढून नेतो. उरलेल्यांसाठीं योजलेली युक्ति फार साधी आहे. एक रुंद पट्टा उतरता बसवून तो खालून वर असा सतत फिरवितात. त्यावर मिश्र माल पडला कीं गोल फुलोरा गडगडत खालीं येतो. चपटें पान व वांकडा देंठ पट्ट्याला चिकटून वर जातात आणि पलीकडे पडतात. पट्ट्याचा उतार व वेग नीट जुळविला पाहिजे: उतार कमी पडला तर फुलोराहि वर जातो, अधिक झाला तर पानहि घसरतें. एका पट्ट्यावर सुटलेलें पान दुसऱ्यावर सांपडतें. वजनानें जें सुपाला वेगळें करतां आलें नसतें, तें येथें आकारानें वेगळें होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत हीं यंत्रें झपाट्यानें पसरलीं आणि १९६० नंतरच्या दशकांत लंडनकरांची ती वार्षिक यात्रा जवळजवळ थांबली. यंत्राच्या शेवटच्या पट्ट्यापाशीं मात्र कांहीं बायका उभ्या असत. वाहत्या फुलोऱ्यांतून निसटून आलेलें पान त्या बोटांनीं टिपून काढीत.