ट्रुमनची पदवी आणि फूटबाईंची ट्राम

आमच्या क्षेत्रात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांचा विषय निघाला की चहाच्या टेबलावर कोणीतरी हमखास ते ट्रॉलीचं कोडं काढतो. सुसाट सुटलेली ट्राम, समोर रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक. खटका ओढायचा की नाही? मंडळी, कोडं सगळ्यांना पाठ असतं. त्याची गोष्ट मात्र मला इथल्या, म्हणजे ऑक्सफर्डच्या, एका पदवीपासून सुरू करावीशी वाटते.

१९५६ साली विद्यापीठाने अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मानद डॉक्टरेट द्यायचं ठरवलं. असले ठराव म्हणजे एरवी निव्वळ उपचार. पण या वेळी सॉमरव्हिल कॉलेजच्या एलिझाबेथ अ‍ॅन्सकम विरोधाला उभ्या राहिल्या. वय ३७, विट्गेनश्टाइनच्या विद्यार्थिनी, पक्क्या कॅथलिक. हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकायला लावणाऱ्याचा सन्मान करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. बाजूने बोटावर मोजण्याइतकीच माणसं. ठराव पास झाला आणि जूनमध्ये ट्रुमनसाहेब येऊन पदवी घेऊन गेले.

बाईंनी मग एक छोटी पुस्तिका काढली. ट्रुमन यांची बाजू आपण सगळ्यांनी ऐकली आहे: बॉम्ब टाकला नसता तर जपानवर स्वारी करावी लागली असती आणि कितीतरी जास्त माणसं मेली असती. गंमत म्हणजे, त्या परिस्थितीत तसं झालं असतं हे अ‍ॅन्सकम जवळजवळ मान्यच करतात! पण ती परिस्थिती आणली कोणी, असं त्या विचारतात. बिनशर्त शरणागतीचा हट्ट दोस्तांचाच ना? आणि निरपराध माणसांना मारणं हेच जिथे साधन आहे तिथे तो खून. त्यातून पुढे किती जीव वाचले याने त्याचं नाव बदलत नाही. याच बाईंनी १९३९ मध्ये, विद्यार्थिदशेत, हिटलरविरुद्धच्या ब्रिटनच्या युद्धावरही टीका केली होती. तेव्हा त्यांना सोयीच्या नीतिवादी म्हणता येणार नाही.

१९५८ च्या एका निबंधात त्यांनी, फक्त परिणामांवरून बरं-वाईट ठरवणाऱ्या विचाराला 'कन्सिक्वेन्शिअ‍ॅलिझम' असं नाव दिलं. आपण परिणामवाद म्हणू. टीका म्हणून काढलेला हा शब्द पुढे त्या पंथाच्या लोकांनी स्वतःच्याच दारावर पाटीसारखा लावला.

फिलिपा फूट त्याच कॉलेजात शिकवत. (यांचे आजोबा ग्रोव्हर क्लीव्हलंड, म्हणजे तेही अमेरिकेचे अध्यक्ष!) त्यांचा १९६७ चा लेख खरं तर गर्भपातावर होता, ट्राम त्यात उदाहरणापुरती येते. आणि ती ट्रामच, १९६४ पर्यंत मुंबईत धावत होती तशी. ट्रॉली हे अमेरिकन बारसं. फूट यांचा चालक पाचांऐवजी एकाकडे वळतो ते आपल्याला पटतं. मग एका निरोगी माणसाला मारून त्याच्या अवयवांवर पाच रोगी वाचवणं का पटत नाही? हिशेब तर तोच. त्यांचं उत्तर असं: इजा न करण्याचं कर्तव्य मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा जड असतं. चालक काहीही केलं तरी कोणाला तरी मारणारच आहे, डॉक्टर तसा नाही.

इथे अमेरिकेच्या ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी पाचर मारली. चालकाच्या जागी त्यांनी खटक्याजवळ उभा असलेला तिऱ्हाईत आणला. त्याने काही केलं नाही तर तो कोणालाच मारत नाही. तरी त्याने खटका ओढला तर चालेल असं बहुतेकांना वाटतं. तिथून पुढे लेखांचा महापूर. २००८ मध्ये मात्र थॉमसनबाईंनीच मत बदललं: तिऱ्हाइताने खटका ओढू नये. स्वतःचा जीव द्यायची ज्याची तयारी नाही, त्याने दुसऱ्याचा परस्पर देऊ नये, असा त्यांचा मुद्दा. मला तो फार आवडतो, पण पाच माणसं समोर असताना पचत नाही, हेही खरं.

असो. २०१८ मध्ये एमआयटीच्या मंडळींनी असल्याच कोड्यांवर जगभरातून गोळा केलेले सुमारे ४ कोटी निर्णय मांडले, गाडीने कोणाला वाचवावं म्हणून. अ‍ॅन्सकम २००१ मध्ये गेल्या. मतदानाने नीती ठरवायचा हा प्रकार त्यांना विचारायला हवा होता. एका मतदानाचा अनुभव होताच त्यांना.